जिल्हा परिषद शाळांचा तालुकास्तरीय गुणगौरव सोहळा: यादीपासून फलकापर्यंत

सकाळी दहाला बोलावलेली मुलं एक वाजेपर्यंत सभागृहात मागे बसून राहतात. व्यासपीठावर मान्यवरांचे सत्कार चाललेले असतात. मुलांची पाळी येते तेव्हा वेळ संपलेला असतो, मग पाच-पाच जणांना एकदम वर बोलावून प्रमाणपत्रं हातात दिली जातात. बऱ्याच तालुक्यांत गुणगौरव सोहळा असा होतो. तो मुलांचा व्हावा असं वाटत असेल तर कामाला महिनाभर आधी लागा, आणि सुरुवात सभागृहापासून करू नका, यादीपासून करा.

यादी

केंद्रप्रमुखांमार्फत (आसपासच्या काही शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्याचे प्रमुख) प्रत्येक शाळेकडून एकाच नमुन्यात माहिती मागवा. त्यात विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, शाळा, गाव किंवा वस्ती, यश कोणतं आणि कोणत्या पातळीवरचं, मार्गदर्शक शिक्षक, पालकांचा फोन हे रकाने हवेत. आणखी एक रकाना हमखास राहून जातो: मूल आता कुठे शिकतं? शिष्यवृत्ती किंवा नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागून कार्यक्रम ठरेपर्यंत जून उलटलेला असतो आणि बरीच मुलं शेजारच्या हायस्कुलात गेलेली असतात. जुन्या शाळेला वाटतं नवी शाळा कळवेल, नव्या शाळेला वाटतं जुनी कळवेल. पत्र दोन्ही मुख्याध्यापकांना जाऊ द्या.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या अंतरिम निकालावर विसंबून प्रमाणपत्रं छापू नका. गुणपडताळणीनंतर अंतिम निकाल आणि गुणवत्ता यादी येते, तेव्हा नावं बदलू शकतात. ‘पात्र’ आणि ‘शिष्यवृत्तीधारक’ यांतही गल्लत होते. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के गुण मिळवणारं मूल पात्र ठरतं. शिष्यवृत्ती मात्र गुणवत्ता यादीतल्यांनाच मिळते. दोघांचंही कौतुक करा, पण प्रमाणपत्रावरचे शब्द वेगळे ठेवा. चुकीचा शब्द छापलेलं प्रमाणपत्र पुढे परत करण्याची वेळ कुठल्याही मुलावर आणू नये.

यादी परीक्षांपुरती ठेवली तर तीच चार-पाच शाळांची नावं दरवर्षी झळकतात. शालेय क्रीडा स्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, इन्स्पायर अवॉर्ड–मानक (विज्ञानातल्या नव्या कल्पनांसाठीचा केंद्र सरकारचा पुरस्कार), चित्रकला, वक्तृत्व यांतलं यश घ्याच. शिवाय प्रत्येक शाळेला एक नाव आपल्या निवडीनं पाठवू द्या, सोबत दोन ओळींचं कारण मागा. आईवडील ऊसतोडीला गेल्यावर हंगामी वसतिगृहात राहून वर्ष पूर्ण करणारी मुलगी एरवी कुठल्याच गुणवत्ता यादीत येत नाही, ती इथे येते. ‘शंभर टक्के हजेरी’ हा निकष मात्र टाळा. आजारी पडलेल्या मुलाला त्यानं उगाच शिक्षा होते, आणि ताप असतानाही मूल शाळेत पाठवलं जातं.

शिक्षक आणि कर्मचारी

यांची निवड करताना फाईल किती जाड आहे ते पाहू नका. केंद्रप्रमुखांना एकच प्रश्न विचारा: या व्यक्तीमुळे शाळेत काय बदललं, ते कुठे दिसतं? ‘दुसरीतली सगळी मुलं डिसेंबरपर्यंत सलग वाचायला लागली’ हे उत्तर चालेल. ‘अत्यंत कर्तव्यदक्ष’ हे चालणार नाही. निकष महिनाभर आधी लेखी कळवले तर नंतरची कुजबुज बरीच कमी होते.

पोषण आहाराच्या स्वयंपाकी-मदतनीस ताई, शिपाई, दिव्यांग मुलांसाठी शाळाशाळांत फिरणारे विशेष शिक्षक यांना याच व्यासपीठावर, याच सन्मानचिन्हानं गौरवा. त्यांच्यासाठी वेगळी, छोटी ट्रॉफी आणली तर सभागृहातल्या प्रत्येकाला फरक दिसतो. सेवापूर्तीचे सत्कार या दिवशी घेऊ नका. त्या माणसालाही हक्काचा वेळ मिळायला हवा आणि मुलांचाही तास जाऊ नये.

नावं आणि प्रमाणपत्रं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. निकालपत्रातली नावं इंग्रजी लिपीत येतात. त्यावरून आडनाव काळे की काले, माने की माणे, हे कळत नाही. नाव शाळेच्या जनरल रजिस्टरवरूनच (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची मूळ नोंदवही) घ्या. ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमानं लिहिण्याचा निर्णय राज्य सरकारनं २०२४ मध्ये घेतला आहे. रजिस्टरमध्ये जो क्रम आहे तोच प्रमाणपत्रावर ठेवा. घाईत आईचं नाव गाळू नका.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून द्या. छपाईवाल्याकडे श्रीलिपी किंवा जुनं डिझाइनचं सॉफ्टवेअर असेल तर जोडाक्षरं फुटतात, ‘ज्ञानेश्वरी’ आणि ‘श्रद्धा’ यांचं हमखास काहीतरी भलतंच होतं. म्हणून छपाईपूर्वी सगळ्या प्रमाणपत्रांची पीडीएफ मागवा आणि ती ज्या त्या शाळेकडून तपासून घ्या. ए-फोर आकाराचा, २५० ते ३०० जीएसएमचा कागद पुरतो. त्याहून पातळ कागद घरी पोचेपर्यंत मुडपतो. ६० मुलं असतील तर सहा कोरी प्रमाणपत्रं जास्तीची छापा आणि सुवाच्य अक्षर असलेल्या एका शिक्षकाला पेन घेऊन व्यासपीठाजवळ बसवा.

शाल-श्रीफळ मुलांना देऊ नका. प्रमाणपत्र, पदक आणि वयाला साजेसं एक पुस्तक पुरे. पैसे कमी पडले तर आधी फ्लेक्स आणि हारतुरे कमी करा, पुस्तक नको. निधी पंचायत समितीच्या तरतुदीतून आला असो की लोकसहभागातून, तीन दरपत्रकं घ्या आणि हिशोब शेवटी सर्व शाळांना पाठवा. शिक्षकांकडून सक्तीची वर्गणी काढली तर सोहळ्यातला आनंद तिथेच संपतो.

वेळेचा हिशोब

एका मुलाला ४० सेकंद धरा: नाव, गाव, एक वाक्य, प्रमाणपत्र, फोटो. ६० मुलांची ४० मिनिटं होतात. १२ शिक्षक-कर्मचारी प्रत्येकी एक मिनिट. दीपप्रज्वलन व प्रतिमापूजन, स्वागत आणि प्रास्ताविक मिळून १५, तीन मुलांची मनोगतं ६, दोन भाषणं १०, आभार ३. एकूण ८६ मिनिटं. मुलांची संख्या ८० वर गेली तर सोहळा केंद्रस्तरावर वाटून घ्या. ८० मुलांना दीड तासात बसवायचं तर प्रत्येकाच्या वाट्याचं ते एक वाक्यच आधी कापलं जातं.

क्रम असा ठेवा: प्रास्ताविकानंतर लगेच मुलं, मग कर्मचारी, मग मनोगतं आणि भाषणं शेवटी. प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला तर थांबू नका. पहिल्या शाळांचे सत्कार उपस्थितांतल्या ज्येष्ठ मुख्याध्यापकांच्या हस्ते सुरू करा, आणि असं होईल हे पाहुण्यांच्या कार्यालयाला निमंत्रण देतानाच सांगून ठेवा. लोकप्रतिनिधींची नावं आणि त्यांचा क्रम पंचायत समितीकडून लेखी घ्या, कारण राजशिष्टाचारावरून ऐनवेळी होणारी ओढाताण थेट मुलांच्या वेळेतून जाते. निवडणुकीची आचारसंहिता लागू होणार आहे का, तेही तारीख ठरवण्यापूर्वी पाहा.

तारखेचं आणखी एक. पेरणी-लावणीच्या आठवड्यात मजूर पालक येऊ शकत नाहीत, आले तर रोज बुडतो. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाराच्या सुमारास जेवण आणि लगेच कार्यक्रम, हे बहुतेकांना जमतं. मात्र लांबच्या पाड्यावरच्या मुलांसाठी परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते आधी विचारा.

ते एक वाक्य

सूत्रसंचालकाच्या हातात प्रत्येक मुलाचं एक लिहिलेलं वाक्य हवं. ‘दैदीप्यमान यश’ सगळ्यांनाच लागू पडतं, म्हणून ते कुणाचंच होत नाही. ‘एनएमएमएस परीक्षेत (आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलांसाठी आठवीत होणारी शिष्यवृत्ती परीक्षा) निवड झाली, नववी ते बारावी दरमहा १००० रुपये शिष्यवृत्ती मिळणार’ असं म्हटलं की समोर बसलेल्या पालकांनाही कळतं आपल्या मुलाला कशाला बसवायचं. घरच्या गरिबीचा, वडिलांच्या व्यसनाचा किंवा आजाराचा उल्लेख माइकवरून करू नका, कितीही कौतुकानं असला तरी. दुसऱ्या दिवशी ते मूल त्याच वर्गात बसणार असतं.

व्यासपीठावर

मुलांना गुणानुक्रमानं बोलावू नका, शाळेनुसार बोलावा. एका शाळेची मुलं, शिक्षक, पालक एकत्र उठतात आणि रांग तुटत नाही. प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी द्या. प्रमाणपत्रांचा गठ्ठा त्याच क्रमानं लावलेला हवा. एखादं मूल आलं नाही तर त्याचं प्रमाणपत्र लगेच बाजूला काढणारा एक माणूस नेमा, नाहीतर पुढच्या सगळ्यांच्या हातात दुसऱ्याचं नाव जातं. फोटोसाठी उभं राहायची जागा खडूनं आखा. चाकाच्या खुर्चीवरून येणारं मूल असेल तर उतार करा. तो जमत नसेल तर सगळ्यांचाच सत्कार व्यासपीठासमोर खाली घ्या.

कार्यक्रमानंतर

फोटो प्रसिद्ध करायला पालकांची लेखी संमती निमंत्रणासोबतच घ्या. बातमीत नाव आणि शाळा पुरे, पत्ता किंवा फोन नको. बातमी त्याच संध्याकाळी पाठवा, फोटोखाली डावीकडून नावं लिहून.

गैरहजर मुलांची प्रमाणपत्रं कपाटात राहता कामा नयेत. आठ दिवसांत केंद्रप्रमुखांनी शाळेत जाऊन परिपाठाच्या वेळी ती द्यावीत, तेच एक वाक्य वाचून. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत अभिनंदनाचा ठराव घ्या आणि गुणवंतांच्या फलकावर नावं रंगवून घ्या. फलक नवा करत असाल तर निदान दहा वर्षांच्या नावांना पुरेल एवढी जागा सोडा, आणि शिक्षकांच्या नावांच्या खाली स्वयंपाकी ताईंसाठीही एक ओळ आखा.