मालवणला जाण्याआधी पंचांग पाहावे

मराठवाड्यातून मालवणला निघणाऱ्या कुटुंबाने खोलीच्या आरक्षणाआधी तिथी पाहावी, असे मी आग्रहाने सांगतो. आपल्याकडे समुद्र नाही, त्यामुळे बंदरावरचा दिवस घड्याळाइतकाच भरती-ओहोटीवर चालतो, हे आपल्या लक्षात येत नाही. कोकणातील जुना आडाखा सोपा आहे: पक्षातील तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने मिळते. दशमीला ती साडेसातच्या सुमारास येते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असल्याने पाण्याची चढउतार कमी राहते. लहान मुले व वृद्ध सोबत असतील तर हेच दिवस निवडावेत.

लातूर-नांदेडकडील मंडळींना तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढे, सांगोले, मिरज, कोल्हापूर हा मार्ग सोयीचा आहे. पुढे गगनबावड्याचा घाट उतरून वैभववाडी व कणकवलीमार्गे मालवण गाठता येते. मात्र घाट वाहतुकीस खुला आहे का, याची चौकशी कोल्हापुरातच करावी आणि तो दिवसाउजेडी उतरावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम होय. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात.

पहिली सकाळ सिंधुदुर्गासाठी राखून ठेवावी. 25 नोव्हेंबर 1664 रोजी किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्याजवळ पूजन करून शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या जलदुर्गाची उभारणी सुरू केली, आणि 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा किल्ल्यांमध्ये त्याचा समावेश झाला. भोवती खडक असल्याने होड्या ठरावीक वाटेनेच जातात, म्हणून जीवरक्षक जाकीट घालून नावाड्याचे निमूट ऐकावे. आत राजाराम महाराजांच्या काळातील शिवराजेश्वर मंदिर आहे. तरीही मी सर्वाधिक वेळ दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींपाशी घालवण्यास सांगेन. चहूबाजूंनी खारे पाणी असताना येथे गोडे पाणी लागते. 2016 मध्ये मिरजेहून आलेल्या रेल्वेचे पाणी ज्या लातूरकरांनी भरले, त्यांना या विहिरींचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी तारकर्ली व देवबाग पाहावे. सकाळी लवकर गेल्यास कधी किनाऱ्यावर रापण ओढली जाताना दिसते. अनेक माणसे मिळून जाळे खेचतात, तेव्हा आपण मध्ये येऊ नये. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तेथील शांत दिसणारे पाणी फसवे आहे, विशेषतः ओहोटीच्या वेळी ते आत ओढते, म्हणून संगमावर पोहण्यास मुळीच उतरू नये; विहिरीत किंवा धरणात पट्टीचे पोहणाऱ्यांनी तर अधिकच जपावे.

जेवणात तिरफळे घातलेले बांगड्याचे सार आणि सोलकढी घ्यावी. शाकाहारी मंडळींनी काळ्या वाटाण्याची उसळ व आंबोळी मागावी. खोबऱ्याच्या वाटपाची ही चव आपल्या काळ्या मसाल्याहून फार निराळी आहे.

परतताना कुडाळच्या रस्त्याने निघावे आणि वाटेत धामापूरचा तलाव पाहावा. काठी भगवतीचे मंदिर आहे. तेथे अर्धा तास पुरतो.