ग्रुपवर आलेली हदीस फॉरवर्ड करायच्या आधी कशी तपासायची

जुम्मा (शुक्रवार) आला की सकाळपासून हदीसचे, म्हणजे पैगंबर साहेबांच्या (स.) बोलण्या-वागण्याच्या नोंदींचे, फोटो सुरू, खाली नुसतं 'बुखारी शरीफ' लिहिलेलं, आणि दुपारपर्यंत नाशकात वडाळ्यापासून भद्रकालीपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर तेच. पण पैगंबर साहेबांच्या (स.) नावावर काहीही खपवणं ही साधी गोष्ट नाहीये, जो माझ्या नावावर मुद्दाम खोटं सांगेल त्याने जहन्नममध्ये (नरकात) आपली जागा ठरवून ठेवावी असं त्यांनीच सांगितलंय, आणि ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीसग्रंथांत आहे.

तर आधी ग्रंथाचं नाव आणि नंबर बघा. दोन्ही नसेल तर मेसेज तिथंच राहू द्या. कुरआन सगळ्यात वर, ते तर आहेच. हदीसचे सुन्नी लोकांचे मोठे ग्रंथ सहा, सिहाह सित्ता: बुखारी, मुस्लिम, अबू दाऊद, तिरमिजी, नसाई, इब्ने माजा. पण सगळ्यांचं वजन सारखं नाही. इमाम बुखारी (निधन 870) आणि इमाम मुस्लिम (निधन 875) यांच्यावर सगळ्यात जास्त भरवसा, दोन्हीत सापडली तर सुन्नींसाठी विषय संपला. बाकी चारांत कमजोर हदीसही आहेत म्हणून तिथं दर्जा बघायचाच, सहीह (पक्की), हसन (चांगली) की जईफ (कमजोर). तिरमिजीत सोपं जातं, इमाम तिरमिजी बहुतेक ठिकाणी हदीसखालीच दर्जा लिहून ठेवतात.

हा दर्जा मुख्यतः सनदवरून ठरतो, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं. बुखारीची पहिलीच हदीस उघडून बघा, 'सगळी कामं हेतूवर असतात' ही. हुमैदींनी सुफयानकडून ऐकली, त्यांनी यह्या बिन सईदकडून, त्यांनी मुहम्मद बिन इब्राहीम तैमींकडून, त्यांनी अलकमा बिन वक्कासकडून, आणि अलकमांनी हजरत उमरना (दुसरे खलिफा) मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनाच्या चौथऱ्यावरून, सांगताना ऐकलं. यातल्या एकेका माणसाची मुहद्दिसांनी (हदीसच्या अभ्यासकांनी) चौकशी केलीय, खरं बोलायचा का, लक्षात राहायचं का, ज्याचं नाव घेतो त्याला भेटला होता का. ही मेहनत बघून खरंच थक्क व्हायला होतं.

आता 'इल्मसाठी (ज्ञानासाठी) चीनला जावं लागलं तरी जा' घ्या. गॅदरिंगच्या भाषणात हमखास येते, पण सहापैकी एकाही ग्रंथात नाही आणि जुने हदीस-अभ्यासक इब्ने जौझींनी तर ती बनावट हदीसच्या ग्रंथात टाकलीय. इल्मवरच पाठवायचं असेल तर 'इल्म मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज (बंधनकारक) आहे' ही इब्ने माजात मिळेल, तिच्या सनदवर चर्चा आहे पण बऱ्याच आलिमांनी (धर्मपंडितांनी) ती मान्य केलीय.

नंबर जुळला नाही म्हणून लगेच खोटी म्हणू नका, छपाईप्रमाणे नंबर बदलतात, मग बाब (प्रकरण) बघून शोधा. आणि शिया दोस्ताने अल काफीचा हवाला दिला तर ती बुखारीत शोधत बसू नका, त्यांचे चार ग्रंथ वेगळे आहेत, अल काफी त्यातलाच एक.

तरी अडलं तर आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना नमाजनंतर गाठा, मालेगावात ओळख असेल तर तिथल्या मदरशातल्या एखाद्या आलिमना विचारा, फक्त जाताना अरबी मजकूर सोबत न्या, नुसत्या मराठी फॉरवर्डवरून मूळ हदीस शोधणं त्यांनाही जड जातं.