परराज्यातून नागपूरला परतताना: ट्रक भरण्याआधीची कामं

नागपूरकर बाहेर का जातो, याचं उत्तर पिढीगणिक बदललं. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्यामुळे जुन्या घरांना रायपूर, जबलपूर, छिंदवाडा परकं वाटतच नसे; सोयरिकी तिकडे, बदल्या तिकडे. पुढे भिलाईच्या पोलाद कारखान्याने माणसं ओढली, आता हैदराबाद आणि बंगळूर ओढतात. बायकांचं म्हणाल तर २०११ च्या जनगणनेतही स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न हेच होतं.

परतायची कारणं मात्र ठरलेली: आईवडिलांचं आजारपण, मुलांची दहावी-बारावी, मिहानमध्ये, म्हणजे नागपूर विमानतळाजवळच्या उद्योग-आयटी क्षेत्रात, मिळालेली नोकरी किंवा घरून काम करायची मुभा, नाहीतर निवृत्ती. कारण आधी स्वतःशी स्पष्ट करा, कारण परतीची तारीख त्यावरूनच ठरते. आईवडिलांसाठी यायचं असेल तर एकाने आधी यावं, बाकीच्यांनी शाळेचं वर्ष संपवून. नोकरीसाठी यायचं तर वर्षभर जुन्या शहरातलं घर विकू नये. मुलांच्या शिक्षणासाठी यायचं तर उशीर फार महागात पडतो, म्हणून आधी तेच.

महाराष्ट्राच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेश हवा असेल तर सर्वसाधारण नियमाने दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेल्या लागतात, शिवाय अधिवास प्रमाणपत्र. बदलीवरच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही सवलती आहेत. बाकीच्यांनी त्या धरून चालू नये. बोर्ड कोणतं हा प्रश्न नाही, शाळा महाराष्ट्रात आहे का हा प्रश्न आहे. नागपुरातली सीबीएसई शाळाही चालते. इंजिनीअरिंगला थोडी ढील आहे: आई किंवा वडिलांकडे महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र असेल तर बाहेर शिकलेल्या मुलालाही राज्याचा उमेदवार म्हणून दार उघडं राहतं. त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय पाऊल उचलू नका.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की यायचं तर नववीच्या सुरुवातीला या. सीबीएसई बोर्डाची नोंदणी नववीत होते आणि थेट दहावीत शाळा बदलायला बोर्डाची परवानगी लागते. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. राज्य मंडळाच्या शाळा विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटी, म्हणजे उरलेल्या महाराष्ट्रानंतर उघडतात. या फरकाचा फायदा घेऊन पुष्कळ जण मे महिन्यात सामान हलवतात. त्याबद्दल पुढे.

शाळा सोडल्याचा दाखला घेताना तीन गोष्टी तिथेच उभं राहून तपासा. एक, नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ आधारशी जुळतं का. दोन, राज्य मंडळाच्या शाळेचा दाखला असेल तर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी. दुसऱ्या राज्यातल्या दाखल्यावर इथल्या शाळा ती मागतात आणि नागपुरात बसून ती मिळवणं म्हणजे नसता ताप. तीन, शाळेने यू-डायस पोर्टलवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, मुलाचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्यांच्या यादीत) टाकलं का. हे राहिलं तर नवी शाळा मुलाला आपल्या पटावर ओढूच शकत नाही. मुलाचा पेन क्रमांक, म्हणजे त्याच पोर्टलवरचा त्याचा कायमचा विद्यार्थी क्रमांक, लिहून आणा. मराठीची तयारीही आधीच सुरू करा: २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. घरात मराठी बोलणारं पण तेलुगू किंवा कन्नड लिपीत वाढलेलं मूल जोडाक्षरांवर अडतं.

अधिवास प्रमाणपत्र आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून मिळतं. महाराष्ट्रातला १५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. बाहेर जन्मलेल्या मुलासाठी पुरावे बापाचेच काढावे लागतात: त्याचा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड, घरटॅक्सच्या पावत्या, शेती असेल तर सातबारा. कॉलेजच्या दिवसांत काढलेलं अधिवास प्रमाणपत्र बऱ्याच घरांत ट्रंकेच्या तळाशी असतं. नवा अर्ज टाकण्याआधी ते शोधा.

जातीच्या दाखल्याचं प्रकरण याहून वेगळं. तेलंगणात किंवा कर्नाटकात निघालेला दाखला महाराष्ट्राच्या आरक्षणाला चालत नाही. इथे उपविभागीय अधिकारी पाहतात ते हे, की ठरावीक तारखेला तुमचं कुटुंब कुठे राहत होतं: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे कागद आजोबांचा लागतो. आजोबांचं गाव भंडारा जिल्ह्यात असेल तर दाखलाही तिथूनच निघतो, नागपुरातून नाही. त्यावर जात पडताळणी वेगळी, आणि ती महिनोन्‌महिने रेंगाळू शकते. अकरावीतच अर्ज करा.

गाडीचा नियम सरळ आहे, चुका मात्र इथेच सगळ्यात जास्त. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत आणायची. ती मिळण्याआधी सगळी चलानं भरलेली, विमा आणि पीयूसी चालू, आणि कर्ज असेल तर बँकेचं पत्र. ना-हरकतीत कोणत्या आरटीओकडे जाणार ते लिहावं लागतं. नागपुरात तीन आहेत: शहर एमएच-३१, ग्रामीण एमएच-४०, पूर्व नागपूर एमएच-४९. घर ठरायच्या आधी अंदाजाने ‘नागपूर’ लिहून आणलं आणि नंतर घर बेसा-पिपळ्याकडे घेतलं, की ऑफिस बदलू शकतं आणि कागद परत फिरतो. म्हणून आधी पत्ता, मग ना-हरकत.

इथे फॉर्म २७ भरून, चेसिस नंबरचा पेन्सिलने उमटवलेला ठसा लावून, गाडी दाखवून, गाडीच्या वयाप्रमाणे इथला टॅक्स भरायचा. तिथे भरलेल्या आयुष्यभराच्या टॅक्समधला उरलेला भाग परत मागता येतो, पण तो जुन्या आरटीओकडे, आणि इथलं नवं आरसी हातात आल्यावरच. निघण्याआधी टॅक्सची मूळ पावती फाइलमध्ये ठेवा आणि तिथल्या एखाद्या विश्वासू माणसाला अधिकारपत्र देऊन या. नाहीतर दहा-बारा हजारांसाठी बंगळूरला कोण जातं? नंबर बदलला की विमा कंपनीला लगेच कळवा. विमा जुन्या नंबरवर राहिला तर क्लेमच्या वेळी खेटे घालावे लागतात.

पत्त्यासाठी किरायाचा करार नोंदणीकृतच करा. साध्या स्टॅम्पपेपरवर सही करून मोकळं व्हायची पद्धत नागपुरात अजून आहे; पण आधार, आरटीओ, बँक सगळीकडे अडतं ते तिथेच. नोंदणी करून देणं ही कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे. खर्चही फार नाही: महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, आणि मुद्रांक शुल्क एकूण किरायाच्या ०.२५ टक्के. घर पाहायला दुपारी तीनला जा. वरच्या मजल्याचा स्लॅब एप्रिलनंतर रात्री दोनपर्यंत तापलेला असतो. कुलर लावायला खिडकीबाहेर स्टँड आहे का, पाणी भरायला नळ जवळ आहे का, हे विचारा. किरायात सूट मिळवण्यापेक्षा ते जास्त उपयोगी.

सामान आणताना भाव ‘दारापर्यंत’ लिहून घ्या, मजला आणि लिफ्टसकट. पार्ट लोडचं, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच ट्रकमधून येणारं सामान पुष्कळदा शहराबाहेरच्या वाडी किंवा कापसीच्या गोदामात उतरतं आणि तिथून घरी आणायचे वेगळे पैसे मागितले जातात. बिल्टीवर (ट्रकवाल्याच्या मालपावतीवर) नग मोजून लिहा, टीव्ही-फ्रिजचा मॉडेल नंबरही. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (जीएसटीचा मालवाहतूक परवाना) लागत नाही आणि जकात आता नाही. ‘नाक्याचे पैसे’ मागणाऱ्याला पावती मागा. मे महिन्यात टाळता आलं तर टाळा. बंगळूरच्या दमट हवेतलं प्लायचं कपाट नागपूरच्या ४५ अंशांत आलं की सांधे सुटतात, सनमायका उचलतो. औषधं, मेणाच्या वस्तू, गॅस लायटर ट्रकमध्ये देऊच नका. स्कूटर रेल्वे पार्सलने पाठवायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी आणि आरसीची प्रत सोबत.

गॅसचं सिलिंडर आणि रेग्युलेटर तिथे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद, घ्यायचं. शेगडी घेऊन या. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म ८. रेशनचं धान्य अन्नसुरक्षा कार्डावर देशात कुठेही उचलता येतं, तेवढ्यासाठी धावपळ नको.

वर्षभरातच पुन्हा बाहेर जाण्याची शक्यता असेल तर गाडीचा नंबर बदलायची घाई करू नका. १२ महिने आहेत. गाडी इथे कधी आली त्याचा पुरावा, म्हणजे टोलच्या नोंदी आणि रुजू झाल्याचं पत्र, गाडीतच ठेवा. नवी गाडी घेणार असाल आणि तुमच्या कंपनीची चार किंवा अधिक राज्यांत ऑफिसं असतील, तर बीएच मालिकेचा नंबर मागा. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर तोच.