व्हीएलसीमधील प्लेलिस्ट आणि शॉर्टकट : ऐकण्यासाठी आणि रियाजासाठी

व्हीएलसी मीडिया प्लेअर अनेकांच्या संगणकावर असतो, पण बहुतेक जण त्याचा उपयोग फाइलवर डबल-क्लिक करण्यापुरताच करतात. गाणे मन लावून ऐकणाऱ्यांना आणि विशेषतः ध्वनिमुद्रणावरून शिकणाऱ्यांना त्यातील प्लेलिस्ट आणि कळफलकाचे शॉर्टकट फार उपयोगी पडतात. येथे दिलेल्या कळा विंडोज व लिनक्सवरील तिसऱ्या आवृत्तीच्या आहेत. मॅकवर त्यांपैकी काही वेगळ्या असतात.

प्रथम प्लेलिस्ट तयार करावी. कंट्रोल आणि एल या कळा एकत्र दाबल्या की प्लेलिस्टची चौकट उघडते. तिच्यात फाइल किंवा अख्खे फोल्डर माउसने ओढून आणून सोडता येते, आणि गाण्यांचा क्रमही तसाच ओढून बदलता येतो. नको असलेले गाणे निवडून डिलीट दाबले की ते फक्त यादीतून जाते, डिस्कवरील फाइल जागेवरच राहते. मात्र प्लेअर बंद केल्यावर ही यादी आपोआप जपली जात नाही, त्यामुळे मेहनतीने लावलेला क्रम टिकवायचा असेल तर कंट्रोल आणि वाय दाबून ती साठवावी. साठवताना एम३यू८ हा प्रकार निवडावा, कारण त्यात युनिकोड वापरले जाते आणि देवनागरीत नावे दिलेल्या फाइलही नीट उघडतात. यादीत गाणी नसतात, केवळ त्यांचे पत्ते असतात. म्हणून गाण्यांचे फोल्डर दुसरीकडे हलवले तर जुनी यादी निरुपयोगी ठरू शकते.

रोजच्या वापरासाठी मोजक्याच कळा लक्षात ठेवाव्यात. स्पेसबारने गाणे थांबते व पुन्हा सुरू होते, एन पुढच्या गाण्यावर आणि पी मागच्या गाण्यावर नेते, एम आवाज बंद करते. आर दाबले की क्रम सोडून कोणतेही गाणे लागते. ख्यालाच्या किंवा अभंगांच्या मांडलेल्या मैफलीसाठी ही सोय बंदच ठेवावी. एल पुनरावृत्तीची पद्धत बदलते: एकदा संपूर्ण यादी, मग एकच गाणे, मग पुनरावृत्ती बंद.

खरी मौज तासभराच्या एकाच ध्वनिमुद्रणात असते. शिफ्ट आणि डावा बाण दाबला की गाणे तीन सेकंद मागे येते, ऑल्टबरोबर तोच बाण दहा सेकंद मागे नेतो आणि कंट्रोलबरोबर एक मिनिट. उजव्या बाणाने तेवढेच पुढे जाता येते. एखादी तान निसटली तर माउसने खालच्या वेळेच्या पट्टीवर चाचपडत बसण्यापेक्षा शिफ्ट व डावा बाण दोनदा दाबणे कितीतरी सोपे, शिवाय एक हात हार्मोनियमवर ठेवून हे करता येते. द्रुत बंदिश नेमकी कितव्या मिनिटाला सुरू होते हे ठाऊक असेल तर कंट्रोल आणि टी दाबून ती वेळ लिहावी.

तान उतरवून घेताना गती कमी करावी. डाव्या चौकोनी कंसाची कळ गती थोडी कमी करते, उजव्या कंसाची वाढवते आणि बरोबरच्या चिन्हाची कळ ती पूर्ववत करते. मूळ सेटिंगमध्ये गती बदलली तरी गाण्याची पट्टी, म्हणजे स्वराची उंची, बदलत नाही, त्यामुळे तानपुऱ्याशी किंवा हार्मोनियमशी सूर जुळलेलाच राहतो. हीच तान सलग घोळवायची असेल तर व्ह्यू मेनूतून अ‍ॅडव्हान्स्ड कंट्रोल्स सुरू करावेत. तेथील ए-बी लूपचे बटण तानेच्या आरंभी एकदा आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, एकदा दाबले की तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. तिसऱ्यांदा दाबले की लूप सुटतो.

एखादी कळ सोयीची वाटत नसेल तर कंट्रोल आणि पी दाबून प्रेफरन्सेसमधील हॉटकीज हा विभाग उघडावा, हव्या त्या ओळीवर डबल-क्लिक करावे, नवी कळ दाबावी आणि बदल साठवावा. त्याच तक्त्यातील ग्लोबल या रकान्यात कळ नेमली तर दुसऱ्या खिडकीत काम करत असतानाही ती चालते, पण तेथे साधे अक्षर नेमू नये, नाहीतर पत्र लिहिताना प्रत्येक वेळी गाणे बदलेल. अक्षरांचे शॉर्टकट अचानक चालेनासे झाले, तर कळफलक मराठीवर राहिला आहे का हे आधी पाहावे आणि तो इंग्रजीवर आणावा. यादीच्या शोधपेटीत कर्सर असतानाही अक्षरे तिकडेच उमटतात. अशा वेळी यादीतील एखाद्या गाण्यावर क्लिक करून मगच कळ दाबावी.