आफ्रिकी रानरेड्यासाठी बाणाचं पातं निवडताना

आधी कायद्याचं बोलू. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे आपल्याकडे गव्याची शिकार गुन्हा आहे, मग ती बंदुकीनं करा की धनुष्यानं. गवा तर गोव्याचा राज्यप्राणी. मोले, नेत्रावळी, म्हादईच्या रानात तो बघायचा आणि वाट सोडून उभं राहायचं. पुढचं सगळं लिहिलंय ते गोव्यातून रीतसर परवान्यानं दक्षिण आफ्रिकेत केप बफेलोच्या शिकारीला जाणाऱ्यांसाठी. जिथं जाणार तिथले बाणाच्या वजनाचे आणि धनुष्याच्या ताकदीचे नियम आयोजकाकडून लेखी मागवा, खरेदी त्यानंतर.

या जनावराच्या फासळ्या रुंद असतात आणि कौलारू छपरावर कौलं चढावीत तशा एकमेकींवर चढलेल्या असतात. मधली फट शोधून बाण जाईल हा हिशेब सोडून द्या. बाण हाडावर बसणार असं धरूनच पातं घ्यायचं. म्हणून पात्याचा पहिला गुण एकच: ते मोडता कामा नये. रुंदी, वेग वगैरे नंतरच्या गोष्टी.

यातच अर्धी दुकानं बाद होतात. आदळल्यावर उघडणारी यांत्रिक पाती नकोत, कारण उघडण्यातच बाणाचा जोर खर्च होतो आणि सांधे वाकतात. बदलता येणाऱ्या पातळ ब्लेडची तीन-चार धारी पातीही नकोत. फासळीवर ब्लेड तुटून आत राहतं आणि बाण बाहेरच अडतो. अ‍ॅल्युमिनियमच्या बुंध्याची पाती वाकतात. घ्यायचं ते एकसंध पोलादाचं, दोन धारांचं, टोकापासूनच कापत जाणारं पातं. लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट, म्हणजे रुंदी एक इंच तर लांबी तीन इंच. पाचरीसारखा हा निमुळता आकार कमी जोरात खोल जातो. वजन २०० ते ३०० ग्रेन (एका ग्रॅमचे साधारण १५ ग्रेन). पोलादाचा कडकपणा रॉकवेल मापावर ५२ ते ५५ च्या आसपास असावा. फार मऊ पातं टोकाला मुडपतं, फार कडक असेल तर धारेचा टवका उडतो.

एका बाजूनंच उतार दिलेलं सिंगल बेव्हल पातं मिळालं तर तेच घ्या. हाडात शिरताना ते फिरतं आणि हाड फोडून वाट करतं. मात्र उजव्या उताराच्या पात्याला उजवीकडे वळवलेली पिसंच हवीत. उलटसुलट झालं तर हवेत एकीकडे फिरणारा बाण अंगात दुसरीकडे फिरू बघतो आणि जोर तिथंच जिरतो.

आता वजन. शिकारी बाणांचे अभ्यासक डॉ. एड अ‍ॅशबी यांनी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात केलेल्या चाचण्यांपासून पुढे ६५० ग्रेनचा आकडा रूढ झाला: जड हाड भेदायचं तर पूर्ण बाण त्याहून जड हवा. हलका, वेगवान बाण कागदावर छान दिसतो. ४०० ग्रेनचा बाण सेकंदाला २९० फुटांनी गेला तर त्याची ऊर्जा साधारण १०१ ज्यूल. ७०० ग्रेनचा बाण २३० फुटांनीच गेला तरी १११ ज्यूल. पण संवेग (वजन गुणिले वेग) पहिल्याचा २.३ आणि दुसऱ्याचा ३.२ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद, म्हणजे साधारण १.४ पट. हाडातून पार जायला हाच कामी येतो.

बेरीज अशी जमते: पातं २५०, पितळेचा इन्सर्ट (पातं आटून बसवायला दांड्याच्या तोंडात घालायचा तुकडा) १००, २८ इंचांचा कार्बनचा दांडा २८०, पिसं आणि नॉक (दोरीत अडकणारं मागचं टोक) ४०, टोकाची नळी २०. एकूण ६९० ग्रेन. तयार बाण बोटावर तोलून बघा. नॉकच्या खाचेपासून तोल २१ इंचांवर आला तर २८ च्या तो ७५ टक्के. त्यातून ५० वजा केले की पुढचा झोक २५ टक्के. तो १९ च्या खाली येऊ देऊ नका. पुढं एवढं वजन टाकल्यावर दांडा सुटताना जास्त लवतो, म्हणून ताठ दांडा लागतो. स्पाईनचा, म्हणजे ताठपणाच्या मापाचा, आकडा जितका लहान तितका दांडा ताठ: ओढायला ७० पौंड जोर लागणाऱ्या धनुष्यावर ४०० चा चालणार नाही, २५० किंवा २०० पासून चाचणी सुरू करा.

पातं शाबूत राहून दांडाच फुटतो, हेही होतं. धक्क्यानं इन्सर्ट मागं सरकतो आणि कार्बन चिरतो. म्हणून इन्सर्ट एपॉक्सीनं बसवा आणि दांड्याच्या टोकावर घट्ट बसणारी तीन-चार सेंटिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची नळी चढवा. मग पात्याचं टोक गुळगुळीत लादीवर हलकं टेकवून बाण गर्रकन फिरवा. बोटांना थरथर जाणवली तर पातं सरळ बसलेलं नाही. ते काढून दांड्याचं तोंड सँडपेपरवर काटकोनात घासा.

दुकानातून आलेली धार पुरेशी समजू नका. उताराची बाजू दगडावर सपाट टेकवून, कोन न हलवता घासा. मागच्या सपाट बाजूवर बोट हळूच आडवं फिरवल्यावर काठाला खरखर लागली की समजा धार आली. ती खरखर सपाट बाजूच्या दोन-तीन हलक्या हातांनी काढा आणि शेवटी चामड्यावर फिरवा. मग ताणलेला रबर बँड पात्याला नुसता टेकवा. तटकन तुटला तर ठीक. घसरला तर पुन्हा दगड.

पाती घेतल्यावर त्यातलं एक चाचणीत खर्ची घाला. खाटकाकडून मोठ्या जनावराचं खांद्याचं हाड आणा, फोमच्या जाड लक्ष्यासमोर बांधा आणि वीस मीटरवरून मारा. डोळ्यांना चष्मा हवा, मागं कुणी नको. मागं नुसती चिऱ्याची भिंत ठेवू नका. चुकलेला बाण जांभ्यावर फुटून उसळतो. टोक मुडपलं तर ती जात बाद. मारलेला प्रत्येक बाण कानाजवळ धरून वाकवा. चरचर आवाज आला की तो मोडून टाका, कारण चिरलेला कार्बन सुटताना हातात घुसतो.

पावसाळ्यात आपल्या खारट, दमट हवेत पोलादाची धार दोन दिवसांत तांबूस होते. पाती तेलाचा पुसट हात देऊन, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. प्रवासात ती कडक पेटीत, सामानात. हातातल्या बॅगेत नाही. तिथं पोचल्यावर रबर बँडची चाचणी प्रत्येक पात्यावर पुन्हा करा.