दूधपित्या मांजरपिल्लांच्या अंगावरच्या पिसवा कशा काढाव्यात

पावसाळ्याच्या दमट हवेत पिसवांचं फावतं. मांजरी माळ्यावर, जिन्याखाली नाहीतर अडगळीतल्या जुन्या गोधडीत व्यालेली असते आणि थोड्याच दिवसांत पिल्लांच्या केसांतून तपकिरी ठिपके पळताना दिसू लागतात. मोठ्या मांजराला पिसवा झाल्या तर बहुतेक वेळा खाजेवर भागतं, नवजात पिल्लाच्या मात्र त्या जिवावर उठतात. जन्मलेल्या पिल्लाचं वजन साधारण १०० ग्रॅम आणि अंगातलं रक्त जेमतेम ६-७ मिलिलीटर, म्हणजे चहाच्या चमच्याहून थोडंसंच जास्त. पिसवांच्या शंभर माद्या मिळून दिवसाला एक मिलिलीटरहून जास्त रक्त ओढू शकतात. तेव्हा पिसवा दिसल्या की त्याच दिवशी कामाला लागा.

आधी हिरड्या पाहा. ओठ बोटाने अलगद वर केला की हिरडी गुलाबी दिसायला हवी. ती पांढुरकी असेल, पिल्लू ढिलं पडलं असेल, अंगाला गार लागत असेल किंवा दूध ओढत नसेल, तर आंघोळीचा विचारही नको. कपड्यात गुंडाळून, ऊब देत, तडक डॉक्टरांकडे न्या. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल, जे जवळ असेल ते. वाटेत दूध पाजू नका. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही आणि ते श्वासनलिकेत जायची भीती असते. आधी ऊब, मग दूध.

अंगावर काळी भुकटी दिसते पण पिसू सापडत नाही, असंही होतं. ती भुकटी ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

काय लावू नये

पिल्लं दगावतात ती पिसवांनी, तशीच घाईत लावलेल्या औषधानेही. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं काहीही मांजराला विषारी आहे. कुत्र्याच्या मानेवर सोडायचे अनेक थेंब, माणसाच्या उवांची काही औषधं, मुंग्या-झुरळांचे खडू आणि फवारे यांत ते किंवा त्याच्या जातीचं दुसरं औषध असतं. कुत्र्याच्या औषधाचा अर्धा डोस करूनही भागत नाही, कारण मांजराच्या यकृताला ते नीट मोडता येत नाही. रॉकेल, फिनेल, डेटॉल, कापूर, डांबराच्या गोळ्या, निलगिरी आणि टी-ट्री तेलही नको. कडुलिंबाचं तेल घरगुती म्हणून निर्धोक वाटतं, पण पिल्लाच्या पातळ कातडीवर आणि ते चाटणाऱ्या आईच्या पोटात त्याचं काय होईल याची खात्री नाही. तेही टाळा.

फणी हाच मुख्य इलाज

उवा-लिखा काढायची बारीक दातांची फणी घ्या, धातूची असेल तर उत्तम. एका वाटीत पाणी घेऊन त्यात चमचाभर भांडी घासायचा लिक्विड साबण मिसळा. पिसू साध्या पाण्यावर तरंगते आणि उडी मारून निघून जाते. साबणाने पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मोडतो आणि ती बुडते. पिल्लाला ऊबदार कपड्यावर ठेवून मानेपासून शेपटीकडे, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने फणी फिरवा. प्रत्येक फेरीनंतर फणी वाटीत बुडवा आणि पुसून घ्या, म्हणजे साबण पिल्लाला लागत नाही. हनुवटीखाली, कानांमागे, काखेत, जांघेत आणि शेपटीच्या बुडाशी पिसवा दाटून बसतात, तिथे जास्त वेळ द्या. नखाने चिरडू नका, त्यांच्यातून माणसालाही रोग होऊ शकतात. एका पिल्लाला पाच मिनिटं पुरे. मग त्याला आईजवळ सोडा आणि दुसरं घ्या. दिवसातून दोनदा असं केलं तर थोड्या पिसवांसाठी आंघोळीची गरजच पडत नाही.

आंघोळ घालावीच लागली तर

अंगावर पिसवा खच्चून भरल्या असतील आणि पिल्लू ऊबदार, हिरड्या गुलाबी असतील, तरच. नाळ गळेपर्यंत, म्हणजे पहिले चार-पाच दिवस, शक्यतो फणीवरच निभवा. या वयात पिल्लाला स्वतःचं अंग गरम राखता येत नाही, त्यामुळे खरा धोका पाण्यापेक्षा ओलं राहण्याचा असतो.

पंखा बंद, खिडक्या बंद, दोन कोरडे पंचे हाताशी. टोपात ३७-३८ अंशांचं पाणी घ्या. कोपर बुडवल्यावर ते ना गरम लागावं ना गार. तळहातावर साबणाचा एकच थेंब फेसून आधी पिल्लाच्या मानेभोवती फेसाचं कडं करा. हे आधी केलं नाही, तर अंग भिजताच पिसवा डोळ्यांकडे, कानांत आणि नाकाशी धावतात. मग मानेखालचं अंग पाण्यात धरून बोटांनी चोळा. डोकं बुडवायचं नाही, चेहऱ्याला साबण लावायचा नाही. तोंडावरच्या पिसवा फणीने किंवा चिमट्याने टिपा. स्वच्छ कोमट पाण्याने साबण पूर्ण काढा, कारण आई लगेच चाटणार आहे. हे सगळं तीन-चार मिनिटांत उरकायचं.

एका पंच्याने टिपून लगेच दुसऱ्या कोरड्या पंच्यात गुंडाळा. हेअर ड्रायर वापरलाच तर सर्वांत मंद, हातभर लांबून, आणि झोताखाली स्वतःचा हात ठेवून. गरम पाण्याची पिशवी दोन पदरी कपड्यात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्या भागातच ठेवा, म्हणजे ऊब जास्त झाली तर पिल्लू सरकू शकतं. पहिल्या आठवड्यात बिछान्याची ऊब ३० ते ३२ अंश हवी. पिल्लू आतल्या केसांपर्यंत कोरडं झाल्यावरच आईकडे द्या. रोज आंघोळ नको. पुढच्या दिवसांत पुन्हा फणीच.

औषध द्यायचं ते आईला

पिल्लं कितीही स्वच्छ केली तरी आई तशीच राहिली तर संध्याकाळपर्यंत पिसवा परत येतात. दूध पाजणाऱ्या मांजरीला चालणारं औषध, बहुधा सेलामेक्टिनचे थेंब, डॉक्टरांना तिचं वजन सांगून घ्या. केस बाजूला करून मानेच्या मागे, जीभ पोचणार नाही तिथे, थेट कातडीवर सोडा. पिल्लांना दर दोन-तीन तासांनी दूध लागतं, म्हणून त्यांचं पिऊन झाल्याबरोबर औषध लावायचं आणि जागा वाळेपर्यंत तिला वेगळं ठेवायचं.

बिछाना

अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्याच. अंडी केसांतून गळून बिछान्यात आणि फरशीच्या सांध्यांत पडतात. जुनी गोधडी आतल्या बाजूला दुमडून उचला, झटकू नका. धुवायची तर ६० अंशांच्या पाण्यात, नाहीतर पिशवीत बांधून टाकून द्या. नवीन खोक्यात जुन्या सुती साडीचे किंवा चादरीचे तुकडे घाला आणि ते रोज बदला. गोणपाट नको, त्याच्या विणीत अंडी अडकतात. कोपरे, फटी, कपाटाखालची जागा व्हॅक्यूमने ओढा आणि त्यातला कचरा लगेच घराबाहेर टाका. पिल्लं असलेल्या खोलीत कीटकनाशक फवारू नका. शिवाय कोषातल्या पिसवांपर्यंत ते पोचतही नाही. त्या काही आठवडे थांबून, हालचाल आणि ऊब जाणवली की बाहेर पडतात. म्हणून सगळं नीट करूनही पंधरा दिवसांनी नव्या पिसवा दिसल्या, तर औषध फसलं असं समजू नका. फणी आणि धुणं चालू ठेवा.

पिल्लांना रोज त्याच वेळी स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर तोला. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ हवी. वजन घटलं तर हिरड्या पुन्हा पाहा आणि डॉक्टरांना दाखवा.

पिल्लांना स्वतःला औषध कधी? सेलामेक्टिन सहा ते आठ आठवड्यांनंतर. नायटेनपायरमच्या गोळीला चार आठवडे वय चालतं, पण वजनही ९०० ग्रॅमच्या वर लागतं, आणि चार आठवड्यांचं पिल्लू त्याच्या निम्म्यावरच असतं. फिप्रोनिलचा फवारा त्याहून लहान पिल्लांवर डॉक्टर कधी कधी वापरतात. त्यात अल्कोहोल असतं, अंग चटकन गार पडतं, म्हणून तो त्यांच्याच हातून.

पिसू चाटून गिळली गेली तर पोटात पट्टकृमी, म्हणजे पट्टीसारखा चपटा जंत, होतो. महिना-दोन महिन्यांनी गुदद्वाराशी तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले, तर ते सांगून प्राझिक्वान्टेल असलेलं जंताचं औषध मागा. गोल जंतांच्या नेहमीच्या औषधाने हा जात नाही.