डबल व्हीलॅन टॅगिंग: पावसावर ढकलण्याआधी या चुका टाळा

बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडे आम्ही टॉवरवरच्या रेडिओनं इंटरनेट पुरवतो. तिकडं पाऊस लागला की आमचा फोन थांबत नाही. "दादा, लिंक पडलंय काय बघा की. व्हॉट्सअपचा मेसेज जातोय, बँकेचं पान उघडेना." आम्हीही सवयीनं पावसाचं नाव सांगून मोकळे होतो. पण सिग्नल ठीक असताना बारीक पॅकेट जातंय आणि मोठं अडकतंय, तर अँटेना हलवायला टॉवरवर चढू नका. आधी व्हीलॅनचा टॅग बघा, म्हणजे एकाच वायरवरची वेगवेगळी नेटवर्कं ओळखायला फ्रेमवर (पॅकेटच्या वेष्टनावर) लावलेला नंबर.

खडे बाजारातून गावाकडं माल निघतो तेव्हा पोत्यावर गावाचं नाव असतं आणि आतल्या पुडक्यांवर दुकानदारांची. डबल टॅग तसाच: बाहेरचा टॅग टॉवरचा किंवा सेक्टरचा, आतला ग्राहकाचा. प्रत्येक टॅग 4 बाइटचा. साधी इथरनेट फ्रेम जास्तीत जास्त 1518 बाइटची, एका टॅगनं 1522, दोन टॅगनं 1526. सगळ्यात जास्त भांडण या शेवटच्या 4 बाइटवर होतं.

एका ग्राहकाच्या ओसरीत बसून मी पिंग (उत्तर येतंय का बघायचं चाचणीचं पॅकेट) लावला होता, डोन्ट फ्रॅगमेंट (पॅकेट तोडू नको) चालू करून. 1472 बाइटला उत्तर नाही. कमी करत आलो. 1469 ला नाही, 1468 ला लगेच उत्तर. परत 1469, परत गप्प. पाऊस एवढा हिशेबी नसतो. पिंगच्या आकड्यात हेडरचे 28 मिळवा: 1496 जातंय, 1497 अडकतंय, म्हणजे इथरनेटचे 18 आणि दोन टॅगचे 8 धरून वाटेत कुणीतरी 1522 वरच हात आखडलाय. निघाला टॉवरच्या डब्यातला छोटा पीओई (नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणारा) स्विच. रेडिओ आणि राउटर दोन्हीकडं एमटीयू (पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा) वाढवला होता, मधला हा गडी मीच विसरलो होतो. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर एल-टू एमटीयू (टॅग धरून मोजलेली मर्यादा) किमान 1508 हवा. लाइन पीपीपीओईची (युजरनेम-पासवर्डनं जोडली जाणारी) असेल तर 1472 ऐवजी 1464 जातंय का ते बघा.

काहीजण इथं एमएसएस क्लॅम्प (जोडणी होतानाच पॅकेट छोटं ठेवायला सांगणारी सेटिंग) लावून विषय संपवतात. वेब पानं उघडतात, ग्राहक खूश. मग कुणाचं तरी व्हीपीएन अडतं आणि दोष पुन्हा पावसाच्या माथी. क्लॅम्प म्हणजे मलमपट्टी, मूळ दुखणं तसंच राहतं.

दुसरी चूक इथरटाइपची, म्हणजे टॅग कुठल्या प्रकारचा ते सांगणाऱ्या आकड्याची. 802.1एडी या डबल टॅगच्या मानकाप्रमाणे बाहेरचा टॅग हेक्समध्ये 88ए8, आतला 8100. जुनी काही यंत्रं बाहेर 9100 लावतात, काही दोन्हीकडं 8100. कुठलंही चालतं, पण दोन्ही टोकांचं एकमत हवं. मायक्रोटिकच्या व्हीलॅन इंटरफेसवर 'यूज सर्व्हिस टॅग' चालू केलं नाही तर तो 8100 च पाठवतो, आणि 88ए8 ची वाट बघणारं पलीकडचं टोक फ्रेम मुकाट्यानं टाकून देतं. ना एरर, ना लॉग. आणि वायरशार्कमध्ये (पॅकेट उघडून बघायचं सॉफ्टवेअर) टॅग दिसेना म्हणून टॅगच नाही असं धरू नका. लॅपटॉपचं कार्ड बऱ्याचदा तो आधीच काढून टाकतं.

ग्राहकाकडचा रेडिओ राउटर मोडमध्ये असेल तर आतला टॅग पुढं जाणारच नाही, ब्रिज मोड (फ्रेम जशीच्या तशी पुढं देणारा) हवा. मायक्रोटिकच्या वायरलेसला 'स्टेशन' नको, 'स्टेशन ब्रिज' ठेवा.

आता मॅनेजमेंट व्हीलॅन, म्हणजे यंत्रात लॉगिन करायची आपली वेगळी वाट. एका संध्याकाळी घरी बसून मी जांबोटीकडच्या टॉवरचा मॅनेजमेंट व्हीलॅन बदलला, ओके दाबलं आणि टॉवर गेला. रात्री भर पावसात, रेनकोट घालून, लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तिथं जावं लागलं. तेव्हापासून जुना व्हीलॅन काढण्याआधी नवा शेजारी उभा करतो, त्यातून लॉगिन होतंय का बघतो, मगच जुना काढतो. मायक्रोटिकवर सेफ मोड चालू ठेवा. सेशन तुटलं तर बदल आपोआप मागं जातो. मात्र बरेच स्विच सेव्ह केल्याशिवाय काही लक्षात ठेवत नाहीत. लाइट जाऊन आली की सगळं पुन्हा जुनं. आमच्याकडं लाइट किती वेळा जाते, ते सांगायला नको.

खरं सांगू? दोन-तीन टॉवर, थोडे ग्राहक आणि वरचा प्रोव्हायडर मागत नसेल, तर डबल टॅगच्या वाटेला जाऊच नका. एका टॅगमध्ये 4094 व्हीलॅन मिळतात. करायचंच असेल तर बाहेरचा-आतला नंबर डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा, इंग्रजी आकड्यांत. एकाच टॉवरवर आज मराठी शाळेतला पोरगा चढतो, उद्या कन्नड शाळेतला.